पाच गोळ्या, शून्य खिसे

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात बाई शिरली की काउंटरमागच्या गृहस्थाला आधी तिचा नवरा दिसतो. नवरा सोबत नसेल तर तो थोडा वेळ दाराकडे बघत वाट पाहतो. मग नाइलाजाने तिच्याकडे वळतो, ‘पर्समध्ये ठेवायचंय ना?’ बाईने अजून तोंड उघडलेले नसते आणि काचेखालून एक चिमुकले रिव्हॉल्व्हर वर आलेले असते. दोन इंचांची नळी, पाच गोळ्या, वजन अर्ध्या किलोच्याही आत. हात लहान, म्हणून बंदूक लहान. चपला याच हिशेबाने मिळतात.

आता बंदुकीचे शास्त्र असे की ती जितकी हलकी, तितका तिचा झटका मोठा. जड पिस्तूल झटका बराचसा स्वतःच्या अंगावर घेते, हलके तो तुमच्या मनगटाला देऊन मोकळे होते. नळी आखूड, म्हणजे नेम धरणे कठीण. चाप असा ताठ की एका बोटात पाच किलोचे बळ हवे. मुरलेल्या नेमबाजालाही जे वश व्हायला वेळ लागतो, ते नवशिक्या बाईच्या हाती ‘तुमच्यासाठी सोपं’ म्हणून दिले जाते. तिकडचे चांगले शिक्षक कंठशोष करून सांगतात, की बाई, जरा मोठे घ्या, नऊ एमएम बघा, आधी भाड्याने चार प्रकार चालवून पाहा, हातात बसेल ते घ्या. २०१९ ते २०२१ या काळात तिथे नव्याने बंदूक घेणाऱ्यांत जवळपास निम्म्या बायका होत्या. निम्मे गिऱ्हाईक बदलले, काउंटर अजून नवऱ्याशीच बोलतो.

गुलाबी रंगाविषयी मी बोलणार नाही, तो गृहीतच आहे. फक्त हा धंदा आपल्याकडे आला तर एका गुलाबीवर भागायचे नाही, एवढे सांगून ठेवते. राणी काढा, अबोली दाखवा, यात चिंतामणी नाही का, दस्त्याला काठ वेगळे मिळतील का. नवरात्रात तर नऊ रंगांची नऊ लागतील, कारण आम्ही वर्तमानपत्रवाले रोजचा रंग छापून बसलोय. आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर शस्त्रे मिळतात दोन. उरलेले सात दिवस संरक्षण शेजारणीकडून उसने आणायचे.

पण माझे खरे भांडण खिशाशी आहे. ही बंदूक बाईने ठेवायची कुठे? पुरुषाला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या पँटला पट्टा असतो, त्या पट्ट्याला होल्स्टर अडकवले की विषय मिटला. बाईसाठी मात्र तिकडे अख्खा उद्योग उभा आहे. चोरकप्प्याची पर्स. ब्रेसियरला मधोमध टांगायचे होल्स्टर. मांडीला बांधायचा पट्टा. पोटाला गुंडाळायचे रुंद इलास्टिक, त्यालाही लेस. शिकलीसवरलेली माणसे रात्र रात्र जागून आराखडे काढतात, स्त्रीदेहाचा इंच न् इंच धुंडाळतात, लोखंड कुठे कुठे दडेल ते शोधतात, आणि त्यातल्या एकालाही सुचत नाही की हिच्या पँटला एक खिसा शिवून द्यावा. खोल. मनगटापर्यंत हात जाईल असा. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पँटला जो आहे, तोच. आमच्या आज्यांचे बरे होते, नऊवारीच्या कनवटीला पैसे, कमरेला चंची आणि ओच्यात अर्धा बाजार. पाचवारी आली, कनवट गेली, ब्लाउज हाच खिसा झाला. मग कुर्ता आला आणि कापडाचे मीटर वाढले, खिसा तेवढा आला नाही. शिंप्याला मागून बघा. ‘ताई, फॉल बिघडतो.’ बिघडू दे. ‘ताई, फुगीर दिसेल.’ दिसू दे. ‘ताई, लेडीजला खिसा शोभत नाही.’ असे म्हणत तो स्वतःच्या शर्टाच्या खिशातून खडू काढतो आणि माझ्या कापडावर खूण करतो. मोठ्या मनाने शिवलेल्या त्या खिशात एक रुमाल मावतो, तोही नीट घडी घातली तर. जीन्सची कथा तर काय सांगावी! शिवण असते, झाकण असते, पितळी बटण असते, खिसा नसतो. पैसे मोजून खिशाचे चित्र विकत घ्यायचे.

मग राहते पर्स. समजा, संध्याकाळची विरार लोकल, दादर, पर्स छातीशी कवटाळलेली. आत डबा, छत्री, वाटेत निवडायला घेतलेली मेथी, चार्जर, दोन घरांच्या किल्ल्या, गोळ्या (डोकेदुखीवरच्या) आणि तळाशी कुठेतरी गोळ्या (दुसऱ्या). स्टेशनाबाहेर अंधारात कोणी अडवले तर त्याने जरा दम धरायला हवा. आधी छत्री निघणार, मग मेथी. ‘थांबा हं, आत्ता इथेच होतं.’ शिवाय दम न धरणारा मनुष्य सगळ्यात आधी हिसकावतो काय? पर्सच. म्हणजे चोरकप्प्यासकट शस्त्र त्याच्या हाती, छत्री आपल्या. त्यापेक्षा गर्दीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली सेफ्टी पिन बरी. परवाना नको, झटका नाही, आणि तिला खिसाही लागत नाही.

आणि हा सगळा खटाटोप कोणासाठी? जाहिरातीतला हल्लेखोर ठरलेला असतो. डोक्यावर टोपडे ओढलेला, ओस पार्किंगमध्ये खांबाआड उभा, अनोळखी. खऱ्या आयुष्यातला बहुधा ओळखीचा असतो. आपल्याकडे नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या माहितीतलाच निघतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की मारझोड करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असली तर त्या बाईचा खून होण्याचा धोका पाचपट होतो. कपाटाची किल्ली कुठे असते हे त्याला माहीत असते. कदाचित ती चिमुकली बंदूक त्यानेच वाढदिवसाला आणलेली असते. त्या दुकानात पहिला प्रश्न ‘घरी कोण कोण असतं?’ हा हवा. तो विचारला तर धंदा बसेल. म्हणून मग सगळे प्रश्न बाईलाच. एवढ्या रात्री का, एकटी का, हा रस्ता का, पर्समध्ये काही का नव्हते. रस्त्यावरचा दिवा सहा महिने बंद ठेवायचा, तक्रार द्यायला आलेलीला बाकावर तीन तास बसवायचे, घरातल्या मारहाणीला ‘आपापसात मिटवा’ म्हणायचे, आणि हे सगळे करून झाले की व्यासपीठावर चढून तिला सांगायचे, सक्षम हो. स्वखर्चाने हो. नेम चुकला तर तुझीच चूक.

आपल्याकडे ही सक्षमता जरा शिस्तीत मिळते. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत बंदूक लपवून बाळगायला आता परवानाही लागत नाही. इथे १९५९ चा कायदा आहे आणि २०१६ चे नियम. नऊ एमएम सामान्य माणसाला वर्ज्य, पॉइंट बत्तीसचे चालते, आणि त्याची किंमत लाखाच्या घरात. मग अर्ज, पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला. जिवाला धोका आहे असे लिहून भागत नाही, तो साहेबांना पटावा लागतो. पटण्याजोगा धोका म्हणजे एकदा तरी काहीतरी होऊन गेलेले असलेले बरे. नुसती भीती वाटते म्हणाल तर तुमच्यासारख्या लाखो आहेत.

एवढे सगळे पार पाडून शस्त्र घरी येते, आणि निवडणूक लागते. आचारसंहिता आली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. लोकसभा झाली की विधानसभा, ती झाली की महापालिका, मग जिल्हा परिषद. तेवढा काळ हल्लेखोरही आचारसंहिता पाळत असावेत. जमा केलेल्या शस्त्राची रीतसर पावती मिळते, शिक्क्यासकट. वाटेत कोणी अडवलेच, तर ती दाखवायची.