संशोधनाला कर्ज नको, अनुदान हवं

केंद्रीय मंत्रिमंडळानं १ जुलै २०२५ रोजी एक लाख कोटींच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. तेव्हापासून हा आकडा भाषणांतून फिरतोय. आकडा मोठाच आहे. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या तीस कामगारांच्या फाउंड्रीपर्यंत त्यातलं काय पोचणार? मला विचाराल तर जवळपास काहीच नाही, आणि त्यात फाउंड्रीवाल्याचा काडीचाही दोष नाही.

या योजनेत पैसा मिळतो तो दीर्घ मुदतीचं कर्ज म्हणून किंवा भागभांडवल म्हणून. व्याज नाममात्र किंवा शून्य, हे मान्य. पण अनुदान नाही. शिवाय दार उघडतं ते तंत्रसिद्धतेच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत चालून दाखवल्यावर. त्याआधीच्या तीन पायऱ्या छोट्या उद्योजकानं कशाच्या जोरावर चढायच्या?

त्या पायऱ्यांवर काय घडतं ते कोल्हापुरात जाऊन बघा. पातळ भिंतीचं नवं कास्टिंग जमवायचं म्हणजे चालू ऑर्डर थांबवून भट्टी ट्रायलला द्यावी लागते. पॅटर्न नवा, कोअर नवे, वाळूचं मिश्रण बदललेलं. ओतकाम वरून सुरेख दिसतं. मशीनवर पहिला कट घेतला की आत ब्लो होल निघतात आणि अख्खा लॉट पुन्हा वितळवायला जातो. वीजबिल येतंच, कामगारांचा पगारही थांबत नाही. अशा कित्येक हीट वाया गेल्यावर एखादी जमते, कधी जमतही नाही. ज्या कामात अपयशाची शक्यता यशाहून जास्त, त्या कामासाठी कर्ज घ्यायला सांगणं म्हणजे प्रयोगच करू नका असं सांगणं.

करसवलतीची कथाही तीच. मान्यताप्राप्त संशोधन विभागावरच्या खर्चाला आयकरात दोनशे टक्के वजावट मिळायची. ती एप्रिल २०१७ पासून दीडशेवर आली आणि एप्रिल २०२० पासून शंभरावर. म्हणजे खर्च केला तेवढीच वजावट. आणि ही वाढीव वजावट होती तेव्हाही ती फक्त कंपन्यांना होती. भागीदारीत चालणाऱ्या वर्कशॉपच्या वाट्याला ती कधी आलीच नाही. देशाचा संशोधनखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकलाय आणि खासगी क्षेत्र हात आखडता घेतं, अशी तक्रार दिल्लीतून सतत ऐकू येते. हात मोकळा करायची एक जुनी सोय दिल्लीनंच काढून घेतली, हे मात्र कुणी सांगत नाही.

सरकारला चांगलं काही जमतच नाही, असं मुळीच नाही. जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅकची ‘बिग’ योजना पन्नास लाखांपर्यंत अनुदान देते, अठरा महिन्यांसाठी, तेही कल्पना कच्ची असताना. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर ही योजना मनापासून राबवतं. संरक्षण खात्याच्या आयडेक्समध्ये दीड कोटीपर्यंत, काही योजनांत त्याहूनही जास्त मिळू शकतात. पण धातू, यंत्रं, रंग-रसायनं, कापड यांत राबणाऱ्यांच्या नशिबी निधी-प्रयासचे दहा लाख किंवा एमएसएमई मंत्रालयाचे पंधरा लाख. तेही हप्त्यांत, आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र सीएच्या सहीनं गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. भोसरीत, सातपूरला, वाळूजला जे लोक रोज हातानं शोध लावतात, त्यांना सरकारच्या उगवत्या क्षेत्रांच्या यादीत जागा नाही म्हणून ताटकळत ठेवणं हा सरळ अन्याय आहे.

अमेरिकेनं १९८२ मध्येच हा प्रश्न कायद्यानं सोडवायला घेतला. ज्या केंद्रीय खात्यांचं बाहेर द्यायचं संशोधनाचं बजेट दहा कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांना त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या उद्योगांसाठी राखून ठेवावाच लागे. हा हिस्सा पुढे ३.२ टक्क्यांवर गेला. पहिल्या टप्प्यात कल्पना तपासायला थोडे पैसे, दुसऱ्यात नमुन्यासाठी जास्त, आणि हे पैसे परत करायचे नाहीत. क्वालकॉमला सुरुवातीच्या काळात याच पैशानं हात दिला. ३० सप्टेंबर २०२५ ला या योजनेची मुदत संपली आणि अमेरिकी काँग्रेसनं ती वेळेत वाढवली नाही. हा करंटेपणा त्यांचा. कल्पनेचा त्यात दोष नाही.

त्या अमेरिकी योजनेतला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिसरा टप्पा. या योजनेतून घडलेली वस्तू खात्याला हवी असेल तर नव्यानं स्पर्धा न घेता थेट त्या उद्योगाकडून घेता येते. आपल्याकडे केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी पंचवीस टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असा नियम आहे, पण तो नट-बोल्ट घेऊनही पुरा होतो. स्टार्टअपना पूर्वानुभवाची अट शिथिल करायची मुभा आहे. पण ती खात्याच्या मर्जीवर, आणि निविदा लिहिणारा अधिकारी ऑडिटच्या धास्तीनं ‘तीन वर्षांत असंच काम केलेलं असावं’ हे वाक्य जसंच्या तसं ठेवतो. नव्या वस्तूचा तीन वर्षांचा अनुभव आणायचा कुठून?

म्हणून रेल्वे, ऊर्जा, जलशक्ती, अवजड उद्योग या प्रत्येक खात्याच्या संशोधनखर्चातले निदान तीन टक्के छोट्या उद्योगांसाठी कायद्यानं राखून ठेवा, अनुदान म्हणूनच द्या, आणि चाचणीत उतरलेल्या वस्तूची पहिली ऑर्डर त्याच खात्यानं द्यावी असं बंधन घाला. एक लाख कोटींतला एक छोटा तुकडा बाजूला काढला तरी सुरुवात पुढच्याच अर्थसंकल्पात होऊ शकते.