युवराजाच्या मांडवाची वर्गणी

"जमली का गं वर्गणी?" काकूंनी कुंपणावर कोपर टेकत विचारलं.

"कसली हो काकू! गणपतीच्या स्मरणिकेला एका दुकानदाराकडे एक पान जाहिरात मागितली, तर म्हणतो, धंदा थंड आहे, पुढच्या वर्षी बघू."

"अगं, वेंब्लीत राहतेस आणि रडतेस? इथे युवराज अध्यक्ष असूनही वर्गणी जमत नव्हती!"

"कुठला युवराज?"

"पंचम जॉर्जचा मुलगा. स्टेडियमच्या आसपास 1924 साली साम्राज्याचं प्रदर्शन भरलं होतं ना, ते. आमचे हे वाचनालयातून पुस्तकं आणतात, नि जेवताना मला ऐकवतात. 1920 साली कायदाच केला होता म्हणे. तोटा आला तर सरकार लाख पौंडांपर्यंत भरेल, पण आधी बाकीच्यांनी पाच लाखांची हमी द्यायची."

"म्हणजे रोख नाहीच?"

"नुसती सही! तीही सुटेना. युद्धानंतरची तेजी बसली, दहा लाखांवर लोक बेकार. कारखानदार स्वतःचीच उधारी निस्तरत होते, ते साम्राज्याच्या मांडवाला कुठे हात लावणार? तारीख ढकलत ढकलत 1924 उजाडलं."

"आणि आपले लोक?"

"आपल्याकडे तर आणखी निराळं. केनियातल्या हिंदी लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीने वागवायचं नाही, असं 1923 साली लंडनने ठरवलं. श्रीनिवास शास्त्री खवळले. पुण्याच्या भारत सेवक समाजात गोखल्यांनंतर अध्यक्ष झाले ते. इतका मवाळ माणूस, पण म्हणाला, प्रदर्शनावर बहिष्कार घाला! त्यात मुंबईच्या गिरण्यांची मंदी. आयतं निमित्त मिळालं की खिसा झाकायला लाज वाटत नाही, काय?"

"मग आपला मंडप झालाच नाही?"

"झाला तर! पांढराशुभ्र, ताजमहालाच्या थाटाचा. कॅनडाने तर युवराजाचा पुतळा केला, घोड्यासकट. लोण्याचा!"

"लोण्याचा?"

"शीतगृहात ठेवून. आमच्या ह्यांना त्यातलंच कौतुक जास्त. पहिल्या वर्षी पावसात 1 कोटी 70 लाख लोक येऊन गेले, तरी तोटा. 1925 ला पुन्हा उघडलं, तरी खड्डा भरेना. मग सह्या केलेल्यांच्या दारात वसुली."

"बाई! म्हणजे न देणारेच शहाणे?"

"ते राहू दे. तू त्याच्याकडे अर्धं पान माग, नि पैसे तिथल्या तिथे घे. सही नको. आणि हा पुदिना ने गं, सगळा तुझ्याच बाजूला पळतोय."