कॅटलॉगमधल्या माणसाचे हात

अमेरिकेत शिकारीसाठी पहिलं कंपाउंड धनुष्य घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला जितकी माणसं तयार असतात, तितकी हरणं त्या काउंटीत नसावीत. सल्ले वेगवेगळे, सूर एकच: थोडं वाढवा. चारशे डॉलर म्हणालात तर सातशेचं बघा, सातशेपर्यंत आलातच आहात तर बाराशेचं हातात घेऊन तरी बघा, आणि बाराशेचं एकदा हातात घेतलं की मग काय, आयुष्यभराची चिंता मिटली. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पहिलं धनुष्य स्वस्तातलंच घ्यावं. काटकसर हा सद्गुण आहे म्हणून मी हे सांगत नाही. वरच्या किमतीतला मोठा वाटा वेगासाठी मोजलेला असतो, आणि नवख्याचा नेम वेग कमी पडला म्हणून सहसा चुकत नाही. तो चुकतो धनुष्य त्याच्या मापाचं नसतं म्हणून, आणि सराव झालेला नसतो म्हणून. पुढे जाण्याआधी सातारा-सांगलीच्या वाचकांसाठी एक खुलासा: इथलं हरीण, इथला परवाना आणि इथले डॉलर हे सगळं तिकडचं आहे. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि त्याखाली शिकार करणाऱ्याला धनुष्य कोणत्या कंपनीचं होतं हे कोणी विचारत नाही.

कंपाउंड धनुष्य म्हणजे मुळात आळशी खांद्यावर केलेले उपकार. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्यबिंदू सोडून फिरणाऱ्या चकत्या बसवल्या आणि १९६९मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. सगळ्यात जड कधी, तर नेम धरून थांबायचं तेव्हा. ॲलनच्या चकत्यांनी हा हिशेब फिरवला. जोर मधेच लागतो, आणि आजच्या धनुष्यांत दोरी पूर्ण मागे आली की साधारण ऐंशी टक्के वजन नाहीसं होतं. साठ पौंडांचं धनुष्य ओढून धरताना बोटांवर बारा पौंडच उरतात. हा चमत्कार चारशे डॉलरच्या धनुष्यात आहे आणि चौदाशेच्याही. ज्या गोष्टीमुळे सामान्य नोकरदाराला दोन-तीन महिन्यांच्या सरावावर शिकारीला जाता येतं, ती स्वस्तातच मिळते. वरच्या पैशात मिळतं ते उरलेलं: हलकी ओढ, कमी थरथर, सुबक घडण आणि, मोठ्या अक्षरांत छापलेला, वेग.

आता या वेगाकडे जरा वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं, सेकंदाला ३४० फूट. हा आकडा खोटा नसतो. तो फक्त दुसऱ्या माणसाचा असतो. मोजमापाचा प्रघात असा, की धनुष्य सत्तर पौंडांचं, ओढ तीस इंचांची आणि बाण ३५० ग्रेनचा. एका तोळ्याचे १८० ग्रेन, म्हणजे हा बाण पुरता दोन तोळ्यांचाही नाही. तीस इंचांची ओढ कोणाची, हे काढणं सोपं आहे: दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत जी लांबी भरेल, तिला अडीचने भागायचं. तीस इंच यायला हातांचा पसारा पंचाहत्तर इंच हवा. म्हणजे साधारण सव्वासहा फूट उंचीचा माणूस. आपला पाच फूट पाच इंचांचा मराठी इंजिनिअर हात पसरतो तेव्हा उत्तर येतं सव्वीस. ओढ एक इंच कमी झाली की वेग दहाएक फुटांनी उतरतो, त्यामुळे चाळीस फूट तर दुकानाच्या दारातच गेले. साठ पौंडांवर समाधान मानलं तर आणखी सोळा-सतरा गेले, आणि शिकारीचा जरा वजनदार, सव्वादोन तोळ्यांचा बाण लावला की पंधराएक. उरले २७०. कॅटलॉगमधल्या माणसाचे हात लांब आहेत, हा त्याचा गुण झाला. त्या हातांचे पैसे आपण का भरायचे?

बरं, ३१०चा दावा करणाऱ्या स्वस्त धनुष्याचीही अशीच उतरंड होऊन ते २४०वर येणार. फरक तीस फुटांचा राहिला, हे मान्य. पण मचाणावर बसलेला नवखा वीस यार्डांवर, म्हणजे साठ फुटांवर बाण सोडतो. आणि त्याने त्यापलीकडे सोडूही नये. ते अंतर एक बाण सेकंदाच्या बावीस शतांशात कापतो आणि दुसरा पंचवीस शतांशात. आठशे डॉलर जास्त देऊन मिळाले तीन शतांश. यावर जाणकार म्हणतात, तीन शतांश थोडे नव्हेत, हरीण दोरीचा आवाज ऐकून खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. हरीण दबतं हे खरंच आहे. पण आवाज सेकंदाला सव्वाअकराशे फुटांनी जातो. ते साठ फूट तो पाच शतांशात पार करतो. कोणतंही धनुष्य, कितीही डॉलरचं, आवाजाला हरवू शकत नाही. दशरथाने आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. इथे बाणाचा आवाज ऐकून सावज वाचतं. उपाय धनुष्याचा आवाज कमी करण्यात आहे, जवळ येऊ देण्यात आहे, आणि हरीण कान टवकारून उभं असताना बाण न सोडण्यात आहे. जड बाण धनुष्यातली जास्त शक्ती स्वतःत घेतो, त्यामुळे धनुष्य कमी खणखणतं. म्हणजे वेग विकत घेण्यापेक्षा थोडा वेग सोडून देणंच इथे उपयोगी पडतं, आणि सोडून द्यायला पैसे पडत नाहीत.

वेगाचा खरा फायदा वेगळा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. वेगवान बाण कमी खाली येतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला तरी ती चूक पोटात घेतो. पंचवीस यार्डांना वीस समजणाऱ्याची त्यात थोडी लाज राखली जाते. पण अंतर मोजायचं लेसरयंत्र शंभर-दीडशे डॉलरला मिळतं, आणि ते अंदाज चुकूच देत नाही. आठशेचा पडदा घेऊन चूक झाकायची की दीडशेत चूकच टाळायची, याचं उत्तर द्यायला अर्थशास्त्राची पदवी लागू नये.

मग जोराचं काय? सत्तर पौंडांशिवाय हरीण पडत नाही, अशी एक समजूत पुरुषवर्गात घट्ट आहे. कायद्याला ती मान्य नाही. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात हरणासाठी किमान ओढ तीस पौंडांची आहे. कोलोरॅडोत पस्तीस, आणि तिथे एल्कसारखं घोड्याएवढं धूड त्याच नियमात बसतं. तीसवर थांबा असं मी म्हणत नाही, पण हिशेब बघा: पन्नास पौंडांच्या ओढीतून निघालेला ४०० ग्रेनचा बाण २२०च्या वेगाने गेला तर त्याच्यात सुमारे त्रेचाळीस फूट-पौंड ऊर्जा असते. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी पंचवीस ते एकेचाळीस पुरेसे धरले आहेत. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो पात्याच्या धारेने कापतो. तेव्हा बोथट पातं सत्तर पौंडांनी ढकलण्यापेक्षा धारदार पातं पन्नासने गेलेलं बरं. शिवाय एक दाखला घरचा आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे एकाच दिवशी कंपाउंडचे जगज्जेते झाले. अंतिम सामन्यात ओजसने पन्नास मीटरवर पंधरा बाणांत १५०पैकी १५० घेतले. दहा गुणांचं ते वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं. जागतिक स्पर्धेत कंपाउंडला मर्यादा साठ पौंडांची आहे. जगातला सर्वोत्तम नेम साठाच्या आत भागतो, आणि वीस यार्डांवरच्या, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेसाठी या पुरुषवर्गाला सत्तर हवेत. जगज्जेत्यांची धनुष्यं स्वस्त नसतात, असं कोणी म्हणेल. नसतातच. पण ती त्यांनी नेम जमल्यावर घेतलेली असतात, जमावा म्हणून नव्हे.

सीतास्वयंवरात रावणाची जी फजिती कीर्तनकार रंगवून सांगतात, तिचे प्रयोग धनुष्याच्या दुकानांत रोज होतात. गिऱ्हाईक सत्तर पौंडांचं धनुष्य उचलतं, दोरी जागची हलत नाही, मग ते आकाशाकडे रोखतं, पाठ वाकवतं, दात आवळतं आणि सूर्याला काही अर्पण करत असल्यासारखं खाली आणत आणत कसंबसं ओढतं. मागे उभे असलेले मित्र वाहवा करतात. हरीण करणार नाही. नोव्हेंबरच्या पहाटे चार थर कपडे घालून तीन तास गोठलेला माणूस हेच करू लागला, तर त्याच्या हालचाली शेजारच्या काउंटीत दिसतील. कसोटी साधी आहे: खुर्चीत बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य समोर सरळ धरा आणि ते वर न नेता ओढा. जमलं तर वजन तुमचं. नाही जमलं तर दहा पौंड उतरवा. मात्र ओढलेली दोरी बाण न लावता कधीही सोडू नका. ती सगळी शक्ती धनुष्यातच फुटते, आणि दुकानदाराची पुढची वाक्यं विक्रीविषयी नसतात.

दहा पौंड उतरवा, हे मी सहज म्हटलं, पण इथेच स्वस्त धनुष्य महागाला मात देतं. उंची धनुष्यं बहुधा ठरावीक माणसासाठी घडवलेली असतात. साठ-सत्तरचं घेतलं की साठाच्या फार खाली जाता येत नाही, आणि ओढीची लांबी बदलायची तर कित्येकदा कॅमचा, म्हणजे टोकाच्या त्या चकतीचा, सुटा भाग मागवावा लागतो. उलट डायमंडचं इन्फिनिट एज किंवा बेअरचं क्रूझर यांसारखी नवख्यांसाठीची धनुष्यं पाच पौंडांपासून सत्तरपर्यंत आणि लहान मुलाच्या ओढीपासून जवळपास तीस इंचांपर्यंत षट्कोनी पान्याने जुळवता येतात. जून महिन्यात आई मुलाला शाळेचा गणवेश दोन बोटं दुमडून शिवून घेते, तसं हे धनुष्य आहे. चाळिशीतल्या माणसाची उंची वाढत नाही खरी, पण धनुष्य हातात आल्यावर पहिल्या वर्षात त्याची ओढ बदलते, उभं राहणं बदलतं, पाठीचे स्नायू जागे होतात आणि पंचेचाळीसवर धापा टाकणारा साठला पोहोचतो. स्वतःचं माप माहीत नसताना नेमक्या मापाची महाग वस्तू घेणं हे धाडस आहे. ते करण्यासाठी शिकारीलाच जायला हवं असं नाही. एवढ्या जुळवाजुळवीची किंमत पडते, हेही सांगतो: असं धनुष्य जरा कमी वेगवान असतं आणि ओढताना मधे एखादा उंचवटा लागल्यासारखं वाटतं. पहिल्या हंगामात तो उंचवटा जाणवण्याइतकं शांत मन कोणाचंच नसतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप दयेचा आहे. स्वस्त हत्याराने प्राणी जखमी होऊन तडफडेल. तिथे पैसे वाचवणं बरं नव्हे. आक्षेपाचा मान ठेवूनही मला त्यातला तर्क पटत नाही. प्राणी जखमी होतो तो बाण फुफ्फुसांऐवजी पोटात गेला म्हणून, पातं बोथट म्हणून, किंवा वीस यार्डांचा सराव असताना चाळीसवर मोह आवरला नाही म्हणून. यातली एकही गोष्ट धनुष्याच्या किमतीने सुधारत नाही. सगळ्या सरावाने आणि संयमाने सुधारतात, आणि सरावाला पैसे लागतात. बाराशेचं नुसतं धनुष्य घेतलं की साइट, रेस्ट, भाता सगळं वेगळं घ्यायचं, आणि मग बाण तीनच परवडतात, त्यातले दोन गवतात जातात. चारशे-पाचशेच्या तयार संचात हे सगळं बसवून मिळतं, दर्जा मध्यम असला तरी. वाचलेल्या रकमेत डझनभर एकसारखे बाण, मनगटाला बांधायचा चांगला रिलीज, मागच्या अंगणातलं लक्ष्य, पाच-सहा धडे आणि मचाणावरून पडू नये म्हणून पट्टा येतो. दयाच करायची तर ती इथे करावी. आणि स्वस्त म्हणजे कितीही स्वस्त असं नव्हे: शंभर डॉलरला घरपोच येणारं बिननावाचं धनुष्य, ज्याचा सुटा भाग आणि दोरी पुढच्या वर्षी कुठे मिळेल याचा पत्ता नाही, ते भिंतीवर टांगायला ठीक.

राहिला ‘शेवटी दोनदा खर्च’ हा मुद्दा. होईल दोनदा. दुसऱ्या वेळी तुम्हाला माहीत असेल की तुमची ओढ साडेसव्वीस आहे, वजन पंचावन्न आहे आणि मचाणात छोटं धनुष्य बरं पडतं. तेव्हा पैसे नीट जागी लागतील. पहिलंवहिलं नामांकित कंपनीचं जुनं घ्यावं का? घ्यावं, पण विकणारा सहा फूट दोन इंचांचा नसावा, आणि धनुष्याच्या दोन्ही भुजांवरून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे कापूस अडकेल तिथे चीर आहे. दोरी जुनी असेल तर नव्या दोरीचे शंभर-सव्वाशे डॉलर किमतीतून आधीच वजा करा.

आणि हंगाम कोरडा गेला तरी हरणाच्या बाजूने काही ना काही होतंच. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली तीस पौंड किंवा त्याहून जास्त ओढीच्या धनुष्यावर कारखानदाराकडून अकरा टक्के कर घेतला जातो आणि तो राज्यांना वन्यजीवांसाठी वाटला जातो. बहुतेक राज्यांत धनुष्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतो, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुकानांत उभं राहायला जागा नसते. तेव्हा घ्यायचंच असेल तर मे महिन्यात घ्या, पन्नास पौंडांच्या आत सुरू करा, आणि धनुष्याला पाचशेपेक्षा जास्त देऊ नका.