कुलपातलं हस्तलिखित

नागपुरात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही शाळेच्या हस्तलिखिताबद्दल विचारून बघा. त्यात त्याची कविता हमखास असते. मुखपृष्ठावर जलरंगातली सरस्वती असते आणि चित्राचा रंग समोरच्या पानाला लागू नये म्हणून मध्ये डिंकाने चिकटवलेला बटर पेपरही असतो. आठवण इतकी लख्ख! ‘कुठे बघायला मिळेल?’ म्हटलं, की मात्र गडी छताच्या पंख्याकडे बघू लागतो.

हे संशोधन माझं नव्हे, भाचीचं. ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी तिने झाइन आणि हाताने बांधलेली पुस्तकं हा विषय घेतला. झाइन म्हणजे स्वतःच लिहायचं, स्वतःच चितारायचं, झेरॉक्स काढायच्या आणि वाटून टाकायचं. संपादक नाही, साभार परत नाही. “मामा, मी संदर्भ शोधून राहिले ना,” असं म्हणत तिने माझ्याच स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. अभ्यास तिचा, पेट्रोल माझं आणि ऊन दोघांचं.

महाल भागात एक निवृत्त चित्रकला शिक्षक भेटले. पोहे आले, वर तर्री आली, मग आठवणी आल्या.

“सर, प्रती किती काढायचे?” भाचीने विचारलं.

“प्रती कसल्या? एकच.”

“मग वाचायचं कोण?”

“अगं, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन व्हायचं ना!”

प्रकाशनानंतर अंक थेट कपाटात. मुलांचे हात लागून खराब झाला असता. कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई निवृत्त होऊन काटोलला. आत सध्या वाचन चालू असेल तर ते वाळवीचं.

पुस्तक लपवण्याची आपल्या विदर्भात थोर परंपरा आहे म्हणा. रिद्धपूर ही महानुभावांची काशी. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून शतकानुशतकं परक्या नजरेपासून जपले. बाहेरच्या अभ्यासकांना ते वाचता येण्यासाठी विसावं शतक उजाडावं लागलं. पण पंथाला भीती वाटायला कारणं तरी होती. शाळेला भीती कुणाची, तर सहावी ‘ब’ची!

याच्या अगदी उलट उद्योग मुंबईत चालले होते. 1950च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही मंडळी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढत होती. पुढच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं, राजा ढाले यांचं ‘येरू’ आलं. सायक्लोस्टाइल म्हणजे मेणकागदावर अक्षरं कोरायची, वरून शाईचा रूळ फिरवायचा. हात काळे आणि छपाई फिकट. जलरंगातल्या सरस्वतीपुढे ती अगदीच गरीब दिसते. तरी साहित्याच्या इतिहासात जाऊन बसली तीच, कारण ती कुणाच्या तरी हातात पडली.

बांधणी शिकायला आम्ही इतवारीत एका बाइंडरकडे गेलो. “बिलबुकं हायेत का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. नाहीत म्हटल्यावर ते जरा खट्टू झाले. पण भाचीने जुजबंदी शिलाई बघायची आहे म्हणताच मांडी घालून बसले. घडीवर टोच्याने तीन भोकं पाडली. सुई मधल्या भोकातून बाहेर काढली, वरच्यातून आत घेतली, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि लांब टाक्याला कवेत घेऊन गाठ. खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद. आयुष्यभर पुस्तकं हाताळलेला हा माणूस भाचीला म्हणाला, “वाचाचं असन त पातळच ठेव, पोरी. जाड पुस्तक लोक नुसतं ठेवते.”

तिने ऐकलं. एकच ए-फोर कागद, तीन घड्या, मध्ये एक काप, की आठ पानांची पुस्तिका तयार, सुईसुद्धा नको. कुलरच्या झोताने कागद उडत होते, त्यावर माझी चप्पल ठेवून तिने बर्डीतल्या पार्किंगवर चित्रकथा काढली. त्यात पान तीनवर, तिरकी स्कूटर लावून भांडणारा टकला गृहस्थ आहे. त्याची ओळख मी सांगणार नाही. धरमपेठेतल्या झेरॉक्सवाल्याने मागितल्या तेवढ्या प्रती काढल्या आणि एक जास्तीची काढून स्वतःच्या गल्ल्यात टाकली. प्रकल्पाला पुढे गुण काय मिळायचे ते मिळोत, परीक्षेचा निकाल तिथेच लागला.

तेव्हा वाचकहो, तुमच्या शाळेत असं एखादं हिरवं लोखंडी कपाट असेल आणि काटोलचा पत्ता ठाऊक असेल, तर किल्ली मागवा. हस्तलिखित बाहेर काढा, झेरॉक्स मारा आणि आधी सहावी ‘ब’ला वाटा.