तैनातीवरून परतलेल्या आजी-आजोबांनी स्वगृही रुजू कसे व्हावे

प्रवासास निघताना काय करावे, याविषयी आपल्याकडे शास्त्राची कधीच वानवा पडलेली नाही. मुहूर्त कसा पाहावा, तो साधत नसेल तर शेजाऱ्याच्या घरी प्रस्थान कसे ठेवावे, हातावर दही केव्हा घ्यावे आणि मांजर आडवे गेल्यास किती पावले मागे यावे, या बाबींचा ऊहापोह आपल्या पूर्वजांनी इतक्या बारकाईने करून ठेवला आहे की, तो सर्व पाळू म्हणणाऱ्यास निघण्याला सवड उरू नये. परंतु जो गेला तो परत आल्यावर त्याने काय करावे, याविषयी मात्र दारात भाकरतुकडा ओवाळून टाकण्यापलीकडे कोणी एक अक्षर लिहिलेले नाही. कारण उघड आहे. त्या काळी मनुष्य काशीस जाई, आणि परतल्यावर मावंदे घातले की त्याचा संसार पूर्ववत सुरू होई. लेकीचे मूल सांभाळण्यासाठी पुण्यात अकराव्या मजल्यावर पाच महिने मुक्काम करणे ही यात्रा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही न पिणारे ते आईबाप. त्यांचे वंशज आज लेकीच्या घरी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी दर शनिवारी स्वहस्ते धुतात.

ही उणीव भरून काढण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास कसा पोहोचतो, असे कोणी विचारील, म्हणून सांगून ठेवतो की, आम्ही मेहकरचे राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, तीन एकर जमीन मक्त्याने देऊन पेन्शनीवर गुजराण करणारे गृहस्थ असून, यंदा मृगात सपत्नीक गेलो तो कार्तिकात परतलो. गेलो तेव्हा शेतात पेरणीची घाई होती. आलो तेव्हा सोयाबीन काढून, विकून, त्या पैशांचा निकालही लागला होता आणि पऱ्हाटीला कापूस फुटला होता. दरम्यानचे पाच महिने आम्ही दीड वर्षाच्या एका सरकारच्या चाकरीत होतो. या सरकारास दात आठ, भाषा स्वतंत्र आणि हुकूम निरपवाद. अपिलाची सोय नाही.

पहिले कलम आगमनाविषयी. खासगी गाडीने, जिला आपल्याकडे एकवचनीसुद्धा ‘ट्रॅव्हल्स’ म्हणण्याचा प्रघात आहे, रात्रभर आडवे पडून यावे आणि पहाटेच्या अंधारात उतरावे, हे उत्तम. कारण सामानाचे स्वरूप शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडू नये. जाताना आपण कुरड्या, शेवया, तुरीची डाळ, लाल तिखट आणि लोणच्याची बरणी अशा रसदीनिशी जातो, आणि येताना डब्यात डबा, त्यात आणखी डबा, अशा रिकाम्या भांड्यांची उतरंड घेऊन येतो. घरी पोहोचताच या मुद्देमालाचा पंचनामा करावा. त्यात सरकारचा एक डावा मोजा, चघळलेला रबरी जिराफ आणि आपल्या चष्म्याच्या घरात कोंबलेले अर्धे बिस्कीट सापडेल. या वस्तू परत पाठवाव्यात असे नियमात आहे. प्रत्यक्षात मोजा देवघराच्या खणात ठेवला जातो आणि त्याविषयी उभयतांपैकी कोणी काही बोलत नाही.

मार्गात असतानाच लेक मोबाईलवरून आपला ठावठिकाणा पाहत असते, हे ध्यानात ठेवून मधल्या ढाब्यावर भजी खाणे टाळावे. या संदर्भात आम्हांस नेहमी त्या वाघाची आठवण होते. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात पट्टा वागवीत, पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन दाखल झाला, आणि वनखात्यास त्याचा मुक्काम कुठे पडला हे त्या पट्ट्यावरून कळत होते. पाच महिने त्यालाही लागले, आम्हांसही लागले. पट्टा त्याच्याही गळ्यात होता, आमच्याही खिशात. फरक इतकाच की, चिखलीच्या अलीकडे तो थांबला असता तर ‘बाबा, गाडी का थांबली?’ असे त्यास कोणी विचारले नसते.

दुसरे कलम गृहिणीच्या आक्षेपावरून गाळले आहे.

तिसरे कलम कुलूप उघडण्याविषयी, आणि हे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. आमच्या जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे, अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घटमांडणी करतात. घटाभोवती अठरा प्रकारची धान्ये, मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी इत्यादी पदार्थ आणि राजाच्या नावाने विड्याचे पान-सुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाणकार मंडळी कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, पान-सुपारी जागेवर आहे की नाही, हे निरखून वर्षाच्या पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत वर्तवतात, आणि पंचक्रोशीतला शेतकरी ते कान देऊन ऐकतो. पाच महिने बंद असलेले घर उघडणे हा तंतोतंत तोच विधी आहे. उंबरठ्यावर क्षणभर उभे राहून आतील मांडणी निरखावी. ज्वारीच्या कोठीत सोंडे झाले असल्यास गृहिणीचा पहिला आठवडा ऊन, चाळणी आणि आपणांस उद्देशून केलेली स्वगते यांत जाईल. घड्याळ बंद पडले असल्यास ते कोणत्या वेळी थांबले यावर तर्क करू नये, सेल बदलावा. परसदाराच्या भिंतीस ओल दिसल्यास ते ढेकूळ भरपूर भिजले असे समजून गवंड्यास निरोप द्यावा.

आमच्या घटात मात्र एक असे चिन्ह निघाले की, त्याचा अर्थ लावण्यास कोणी जाणकार भेटला नाही. तुळस जळून गेली असणार, तुळशीच्या लग्नाला नवे रोप आणावे लागणार, या चिंतेने आमच्या कुटुंबाचा जीव अख्ख्या प्रवासात खालीवर होत होता. अंगणात येऊन पाहतो तो तुळस कमरेइतकी वाढून, मंजिऱ्यांनी लवून उभी. शेजारच्या सूनबाई अधूनमधून तांब्याभर पाणी घालीत होत्या, एवढेच. सतरा वर्षे नित्यनेमाने प्रदक्षिणा घालून जी तुळस गुडघ्याच्या वर गेली नाही, ती मालकांच्या गैरहजेरीत अशी डवरावी, याचा आनंद मानावा की कैफियत मागावी, हे न कळून आमचे कुटुंब तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग ‘बरी आहे,’ एवढेच बोलून ते आत गेले.

येथे एक गोष्ट खासगीत सांगतो. सरकारच्या दरबारी आमची पायरी अगदी खालची होती. दुधाची बाटली किती अंश ऊन असावी याचा अधिकार लेकीचा, झोपेच्या वेळा जावयांनी संगणकावर आखलेल्या, आणि आम्ही केवळ हुजरे; परंतु ते हुजरे पाच मिनिटे दृष्टीआड झाले तर अकराव्या मजल्यावर हाहाकार उडत असे. येथे आम्ही घराचे मालक आहोत, सातबाऱ्यावर नाव आहे, आणि पाच महिने नसल्याने गावाचे काहीएक अडलेले नाही. सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींत आमची जागा एका निवृत्त तलाठ्यांनी घेतली होती, आणि ते आमच्यापेक्षा चालण्यात तेज निघाले. वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराने तर विचारले, “गुरुजी, कवा आले? आमाले वाटलं, तुमी तिकडंच राह्यले.”

शरीराच्या सवयी मोडण्याचे कलम सर्वांत कठीण आहे. मनुष्याचे मन घरी परतते, पण त्याचे अवयव आणखी तीन आठवडे पुण्यातच नोकरी करीत असतात. पहाटे साडेपाचला जाग येते आणि हात आपोआप उशाकडे बाटली चाचपतो. दुपारी एक ते तीन या वेळात आम्ही उभयता कुजबुजत्या आवाजात बोलतो. एकदा या वेळी दारावर भंगारवाला ओरडला तेव्हा मी धावत जाऊन त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केले, आणि मग का केले हे त्याला सांगता येईना, म्हणून जुन्या रद्दीचा गठ्ठा देऊन त्याची बोळवण केली. उभे असताना डुलण्याचा विकार तर विशेष घातक. पिठाच्या गिरणीत मी दळणाची पिशवी खांद्यावर घेऊन रांगेत उभा होतो, गिरणीवाल्याने दोनदा निरखून पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, झोपली वाटतं ते.” तेव्हा कळले की, मी पाच किलो ज्वारी थोपटीत होतो. अशा प्रसंगी खजील होऊ नये. पिशवी हलकेच खाली ठेवावी. (मी ती डोक्याकडची बाजू सावरून ठेवली, हे गिरणीवाल्याने पाहिले नसावे अशी आशा आहे.)

भाषेची शुद्धी त्याच पंधरवड्यात करून घ्यावी. पाच महिने ‘मंमं’, ‘भू’, ‘गाई’ आणि ‘टाटा’ या चार धातूंवर ज्याचा संपूर्ण व्यवहार चालला, त्याच्या मुखातून तहसील कचेरीच्या आवारात, एका प्रौढ वकिलास उद्देशून, ‘हात धुतले का?’ असे उद्गार बाहेर पडणे अशक्य नाही. यावर उपाय म्हणजे पेन्शनर मंडळींत रोज तासभर बसून महागाई भत्त्याच्या थकबाकीची चर्चा ऐकणे. त्या चर्चेत कोणतेही मूल टिकत नाही.

तेथेच नातवंडांविषयी बोलण्याचा शिरस्ताही पाळावा. एका बैठकीत तीनच छायाचित्रे दाखवावीत. चौथे दाखवावयाचे असल्यास समोरच्याच्या नातवाची तीन आधी पाहावीत. आपली नात ‘आजोबा’ म्हणते असे सांगू नये, कारण ती ‘आबो’ म्हणते, आणि हे कट्ट्यावरील सर्वांस ठाऊक असते. ज्यांची नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांच्यासमोर पुण्याचा शीण सांगू नये. ते सहा महिन्यांच्या परवानगीवर जाऊन येतात, दिवसाची रात्र करून येतात, आणि परतल्यावर पंधरा दिवस दुपारी बारालाही त्यांना शुभरात्री म्हणावे लागते; त्यांचे दुःख वरच्या दर्जाचे आहे हे मान्य करून चहा मागवावा.

आता सरकारी कामाकडे वळू. नोव्हेंबर महिना म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन घेणाऱ्याने आपण जिवंत असल्याची खात्री वर्षातून एकदा पटवून द्यावी, हा नियम न्याय्यच आहे. इतरांस ती वर्षभर कोणी मागत नाही म्हणून त्यांची खात्री पटलेलीच असते असे नव्हे. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही केली की मनुष्य पुढील नोव्हेंबरपर्यंत हयात राही. २०१४ पासून बोटांच्या ठशांवरून संगणकीय दाखला काढण्याचीही सोय झाली आहे. त्या सोयीचा लाभ घेण्यास आम्ही गेलो, तो यंत्र माझा अंगठा ओळखेना. उजवा दिला, डावा दिला, तर्जनी दिली, पुसून दिली. खिडकीतील तरुण कर्मचारी आदराने म्हणाले, “काका, रेषा झिजल्या आहेत. भांडी घासता का?” मी म्हणालो, बाटल्या. रोज आठ, उकळत्या पाण्यातून काढून, ब्रशने, पाच महिने. यावर ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी तो अंगठा स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा यंत्रावर दाबला आणि हिरवा दिवा लागला. घरी त्यांचे कोणी लहान असावे.

शेतीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मक्तेदाराकडून पैसे घ्यावेत, ‘पाऊस कसा झाला’ असे विचारावे, आणि तो उत्तर देत असताना आपण पुण्यातील पावसाचा विषय काढू नये.

शेवटचे कलम दूरदर्शनाचे, म्हणजे मोबाईलवर सरकारास मुजरा करण्याचे. सायंकाळी सातची वेळ मुक्रर असते. आपण पावणेसातपासून अंगात स्वच्छ सदरा घालून, दिव्याच्या उजेडाकडे तोंड करून बसावे. सरकार प्रथम आपल्या नाकपुड्या दाखवते, मग छत, मग पाळणाघरातून आणलेला कागदाचा मासा. मग तांबड्या खुणेवर बोट ठेवून दरबार बरखास्त करते. एकूण अवधी दीड मिनिट. तिने आज आपल्याकडे पाहिले की मागच्या भिंतीकडे, यावर जेवणापर्यंत चर्चा करण्यास हरकत नाही.

काल ही चर्चा संपवून कुटुंब स्वयंपाकघरात गेले. गाळलेले दुसरे कलम कुकरसंबंधी होते, हे आता सांगावयास हरकत नसावी. अकराव्या मजल्यावर सरकार निद्रिस्त असताना शिट्टी होऊ न देण्याचा सक्त हुकूम होता, आणि वाफ जमू लागली की चिमट्याने शिट्टी उचलून ती अलगद सोडून देण्याची कला आमच्या कुटुंबाने तेथे आत्मसात केली. ती त्यांनी मेहकरलाही चालू ठेवली, आणि आम्ही तीन आठवडे कच्च्या डाळीचे वरण, काही न बोलता, भुरकत होतो. काल मी ओट्याशी जाऊन त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला.

“अहो, काय करता?”

“होऊ दे.”

दोघेही ओट्यापाशी उभे राहिलो. पहिली शिट्टी झाली, चांगली खणखणीत, सबंध घर भरून. आणि आम्ही दोघांनी एकदम मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिले. तेथे पलंगावर घडी केलेली गोधडी होती. दुसरी झाली. तिसरी झाली. कुटुंबाने गॅस बंद केला, पदराने हात पुसले, आणि म्हणाले, “आज शिजली असेल बघा.”