दोन मिलिमीटरच्या पुढचे

उन्हाळ्यात कयाधू आटली की बघायला गोटेच उरतात. आमच्या हिंगोलीत गोटा चूल मांडायला किंवा वाळवणाचं टोक दाबायला उपयोगी. भूशास्त्रज्ञ मात्र तो उचलून मोजपट्टी काढतो. 1922 साली चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकी गृहस्थानं मापं ठरवून टाकली: 2 मिलिमीटरच्या आत वाळू, पुढे खडा, 64 पर्यंत लहान गोटा, 256 पर्यंत मोठा, त्यापुढे धोंडा.

मग कोपरे तपासायचे. झिजलेले गोल गोटे घट्ट जमून खडक झाला तर पिंडाश्म, टोकदार तुकड्यांचा झाला तर कोणाश्म. लांबून वाहत आलेल्याचे कोपरे जातात, डोंगराच्या पायथ्याशीच पडून राहिलेल्याचे शाबूत राहतात. (माणसांना हा नियम लावू नये. मुंबईला जाऊन जास्तच टोकदार होऊन आलेले आम्ही पाहिले आहेत.)

टक्केवारीची गंमत वेगळीच. रॉबर्ट फोक यांच्या 1954 च्या वर्गवारीत गाळात 30 टक्के गोटे भरले तरी मुख्य नाव गोट्यांचंच. वाळू-चिखल बहुमतात असूनही नुसती विशेषणं. आमच्या दहावीलासुद्धा 35 लागतात! पण यात न्याय आहे. एवढे गोटे ढकलून आणणाऱ्या पाण्याला जोर होता, आणि नावातून तेच तर सांगायचं असतं.

हिंगोलीत नवशिका हमखास फसतो. इथला बहुतेक पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. लाव्हा पुढे सरकताना वरचं थिजलेलं कवच फुटतं आणि टोकदार तुकड्यांचा थर तयार होतो. दिसायला अगदी कोणाश्म. पण जन्म आगीतला, म्हणून गाळाच्या खडकांत त्याला प्रवेश नाही.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो प्रयोगशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी ती प्रोटॉनहूनही सूक्ष्म हालचाल टिपणार. तिच्या शेजारी आपण 2 मिलिमीटरवरून वाद घालायचा म्हणजे थोडं ओशाळायला होतं.

ज्यांना उन्हात नदीवर जायचं नाही, त्यांनी घरच्या स्लॅबकडे पाहावं. क्रशरची टोकदार गिट्टी एकमेकांत चांगली अडकते, म्हणून मिस्त्री तीच मागतो. वर सिमेंट, की झाला कोणाश्म. निसर्गानं घडवलेला नसल्यानं भूशास्त्रज्ञ तो मानत नाहीत, हा भाग वेगळा. तरी कुठे पोपडा सुटला असेल तर निरखून बघा. गिट्टी 20 मिलिमीटरची असेल, तर वेंटवर्थच्या हिशेबात तो लहान गोटा.