हवामान खातं

भोसरीच्या एमआयडीसीत कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात जा, मेंटेनन्सला हे काका भेटतातच. सातपूरला भेटतात, वाळूजला भेटतात, गोकुळ शिरगावलाही भेटतात. एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात टेफ्लॉन टेपचं रीळ, हातात शाम्पूचं पाणी भरलेली जुनी बाटली. हजेरीपुस्तकात नाव काहीही असो, शॉपवर सगळे त्यांना ‘हवामान खातं’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. समोर काकाच.

आयटीआयची नवी पोरं आली की काकांचा वर्ग भरतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘हवेला किती पैसे पडतात रे?’’ पोरगं भाबडेपणाने म्हणतं, ‘‘हवा फुकट असते काका.’’ या उत्तराची काका वर्षभर वाट बघत असतात. कुणी चुकून बरोबर उत्तर दिलं तर त्यांचा दिवस खराब जातो.

मग पोराला थेट कम्प्रेसर रूममध्ये नेऊन उभं करतात. भर मे महिन्यात. ‘‘गरम होतंय?’’ ‘‘हो काका.’’ ‘‘हे कंपनीचं लाइटबिल आहे. नीट अंगाला लावून घे.’’ यात अतिशयोक्ती फार नाही. कम्प्रेसरला दिलेल्या विजेतला मोठा भाग हवा दाबताना उष्णता होऊन उडून जातो, आणि शेवटी सिलिंडरच्या हातून खरं काम होतं ते जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांचं. हे पोराच्या मनावर ठसेपर्यंत काका दार उघडत नाहीत. बाहेर आलेलं पोरगं हवेकडे आदराने बघतं, निदान चहाच्या सुट्टीपर्यंत.

काका शिकवतात मात्र झकास. डिप्लोमाच्या पुस्तकात पाच पानं खाल्लेला फाइव्ह-टू व्हॉल्व्ह ते खडूने फरशीवर दोन मिनिटांत उभा करतात. ‘‘पाच तोंडं, दोन जागा. एका तोंडातून हवा आत. दोन तोंडं सिलिंडरकडे. उरलेली दोन बाहेर सोडायला. स्पूल इकडे सरकला की रॉड पुढे, तिकडे सरकला की मागे. यापलीकडे कुणी काही सांगितलं तर तो इलेक्ट्रिकलचा आहे असं समज.’’ मग हिशेब. 50 मिमी बोअरचा सिलिंडर, 6 बार दाब. पुढे जाताना जोर साधारण 120 किलोंचा. मागे येताना किती? पोरगं म्हणतं, तेवढाच. काका डोळे मिटून घेतात. ‘‘अरे, मागच्या बाजूला 20 मिमीचा रॉड जागा अडवून बसलाय ना! तेवढं क्षेत्रफळ वजा कर.’’ शंभराच्या आसपास उत्तर आलं की स्वतःच्या खिशातून चहा.

वेग कमी करायचा धडा त्यांचा सगळ्यात आवडता. ‘‘आत येणाऱ्या हवेला अडवू नको, बाहेर जाणाऱ्या हवेला अडव.’’ आत येणारी अडवली तर पिस्टन झटके खात चालतो. बाहेर जाणारी अडवली तर त्याच्या पुढ्यात दाब राहतो आणि तो सावकाश, शिस्तीत जातो. फ्लो कंट्रोलचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत काका हे करून दाखवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तंबोरा जुळवणाऱ्या बुवांसारखे भाव येतात, आणि तेवढ्यात मागून कुणी हाक मारली तर बुवांसारखेच चिडतात.

काकांना एकच शत्रू आहे, प्रॉडक्शनचा सुपरवायझर. महिनाअखेरीला टार्गेट मागे पडलं की हा गृहस्थ गुपचूप येऊन रेग्युलेटरचा नॉब पिळतो. 6 चे 8 बार. त्याची ठाम समजूत, दाब वाढवला की मशीन पळतं. दाबाने मुख्यतः जोर वाढतो, पळायचं असेल तर पाइपची जाडी आणि व्हॉल्व्हची क्षमता बघायला हवी; वर वाढलेल्या दाबाने प्रत्येक गळतीही फुगते. हे काकांनी त्याला मराठीत, हिंदीत आणि एकदा हातवाऱ्यांनीही सांगून पाहिलं. शेवटी घरून लाल नेलपेंट आणून गेजच्या काचेवर सहाच्या आकड्याशी रेघ मारली आणि रेग्युलेटरला कुलूप घातलं. घरी नेलपेंटची चौकशी झाली. उत्तर ऐकून काकूंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांचा संसार जुना आहे.

जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद झाली की सगळे कॅन्टीनला पळतात आणि काका लाइनवर निघतात. दिवसभर आवाजात लपलेल्या गळत्या आता बोलू लागतात. इथे पुश-इन फिटिंग, तिथे पीयू पाइपला गेलेली बारीक चीर. 3 मिमीच्या भोकातून 7 बारला सेकंदाला दहा-अकरा लिटर हवा जाते; म्हणजे दिवसरात्र एक मोठा गिझर चालू ठेवल्याइतकी वीज. काका भोकाला भोक म्हणत नाहीत, ‘चोर’ म्हणतात. शाम्पूच्या पाण्याचे बुडबुडे आले की चोर सापडला. जेवायला निघताना एअर गनने अंगावरची धूळ उडवणारा ऑपरेटर दिसला तर मात्र ते चोर सोडून त्याच्यामागे धावतात. ही हवा डोळ्यात, कानात गेली तर काय होतं याचं वर्णन ते इतकं तपशीलवार करतात की ऐकणाऱ्याचं जेवण राहतं.

आषाढात काकांची तब्येत तोळामासा असते. वस्तीतल्या सगळ्यांना पालखीचे वेध, यांना ड्रेनचे. पावसाळी हवेतली वाफ दाबून थंड केली की पाणी होऊन खाली बसते. 100 सीएफएमचा कम्प्रेसर असेल तर अशा दिवसांत ताशी तीन लिटरच्या घरात. ते वेळेवर काढलं नाही तर व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं. साहेबांनी बजेटमधून हवा सुकवणारा ड्रायर वगळला तेव्हा काकांनी वाद घातला नाही. पहिल्या पावसानंतर रिसीव्हरखालून निघालेलं तांबूस पाणी तांब्यात भरलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. ड्रायर आला. तांब्या परत मिळाला नाही.

एवढ्यात काकांची दाढ ठणकू लागली. डॉक्टरांचं ड्रिल लाखावर फेरे घेतं ते दाबलेल्या हवेवर, हे काकांना ठाऊक होतंच. त्यामुळे ते खुर्चीत बसले ते पेशंट म्हणून कमी आणि पाहुणे म्हणून जास्त. तोंड उघडलं, कापूस गेला, आणि पडद्याआडून काकांना ओळखीचा आवाज आला. स्स्स्स. त्यांनी हात वर केला. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. आणखी एक इंजेक्शन दिलं. काकांनी बोटाने पडद्याकडे दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बाथरूम डावीकडे आहे. पाऊण तास काका डोळे विस्फारून तो चोर ऐकत राहिले.

कापूस निघाल्या निघाल्या, अर्धा ओठ बधिर असताना, ते म्हणाले, ‘‘तुमचा हा कम्ह्रेसर, टाकीचा ड्रेन कधी उघडला होता?’’

डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं, नर्सने छताकडे. काका पडद्याआड गेले. खिशातून टेफ्लॉन टेप निघाली, शाम्पूची बाटली स्कूटरच्या डिकीत होतीच. पुढचे चार पेशंट गाल धरून बाहेर थांबले होते. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता : ‘‘काका, ही पाच तोंडं कशाला म्हणालात?’’